बेडशाचें चैत्यगृह

कार्ल्याचीं लेणीं पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. परंतु कामशेतवरून बेडशाची वाट धरणारे विरळाच. पायऱ्या चढून गेल्यावर प्रथम दोन खडकांमधील अरुंद बोळ तेवढा दिसतो. त्यांतून आम्ही पुढें गेलों, तों उत्तुंग स्तंभ समोर उभे ठाकले! त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर आरूढ झालेले स्त्रीपुरुष कोरलेले आहेत. हें काम सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. आंत बुद्धमूर्ति नाहीं. केवळ स्तूप आहे. ओसरींतील एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. त्या वणिक्पुत्राचें नांव आजहि वाचतां येतें.

चित्रांचें भाग्य मात्र तसें नव्हे. १८६१ च्या सुमारापर्यंत येथें रंगीत चित्रांच्या खुणा दिसत असत. पुढें वरिष्ठांस जागा स्वच्छ दिसावी म्हणून स्थानिक अंमलदारांनीं त्यांवर चुना फासविला. दोन सहस्र पावसाळ्यांनीं जें राखलें, तें एका सफेदीनें गेलें.

आपल्या गांवच्या जुन्या देवळास तैलरंग देण्याचें ज्या पंचमंडळींच्या मनांत असेल, त्यांनीं आधीं एकवार बेडसें पाहून यावें, एवढीच आमची विनंति आहे.