कांदीदची 'जर्नी'

हल्ली कुणाला साधं "काय चाललंय?" विचारलं तरी तो आपली 'जर्नी' सांगायला लागतो. छोट्या गावातून आलो, नापास झालो, लेऑफ झाला, आणि बघा, त्यामुळेच आज इथे आहे!

हा साचा जोसेफ कॅम्पबेलने १९४९ साली 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस'मध्ये मांडला. हीरोला हाक येते, तो घर सोडतो, गुरू भेटतो, संकटं झेलतो, काहीतरी मोलाचं मिळवतो आणि ते घेऊन परततो. जॉर्ज लुकासने 'स्टार वॉर्स'साठी (१९७७) ह्याचाच आधार घेतला.

आता हा साचा व्हॉल्टेअरच्या 'कांदीद'ला (१७५९) लावून बघा. पायऱ्या जवळजवळ सगळ्या हजर, पण प्रत्येकीची पार वाट लागलेली.

हाक म्हणजे काय, तर सरदाराच्या मुलीचं, क्युनेगोंदचं, चुंबन घेताना पकडला गेला म्हणून कांदीदला गढीतून लाथ मारून हाकललं. गुरू पांग्लोस. त्याचं एकच पालुपद: जे होतं ते भल्यासाठीच. (ही लाइबनिझची टिंगल.) लिस्बनच्या बंदरात एक सज्जन बुडतोय, कांदीद उडी मारायला निघतो, तर हे गुरुजी त्याला अडवून सिद्ध करतात की बंदर बनलंच मुळी ह्या माणसाने इथे बुडावं म्हणून! किनाऱ्यावर पोचतात तोच १७५५ चा भूकंप.

पुढे एल्डोराडो. तिथे रस्त्यात हिरे-माणकं पडलेली, तुरुंग नाही, कोर्टकचेरी नाही. आणि हा पठ्ठ्या तिथून निघतो! एक तर क्युनेगोंद हवी; शिवाय इथे सगळ्यांसारखाच, बाहेर मात्र राजांपेक्षा श्रीमंत. मेंढ्या निघतात शंभरावर, सुरीनामला पोचतात दोन.

सुरीनामच्या वेशीवर एक गुलाम पडलेला दिसतो. साखरेच्या घाण्यात बोट अडकलं म्हणून हात तोडला, पळायला बघितलं म्हणून पाय. युरोपातल्या साखरेची ही किंमत. इथे कांदीद रडतो आणि पांग्लोसचं तत्त्वज्ञान टाकून देतो.

माझ्या मते पुस्तकाचं मर्म इथे आहे. हा गुलाम कुणाच्या तरी 'जर्नी'तला एक थांबा आहे. त्याची स्वतःची जर्नी नाहीच. 'संकटं आली म्हणून घडलो' हे वाचलेलाच सांगू शकतो. आणि ते वाक्य पांग्लोसच्या पालुपदाहून कितीसं वेगळं आहे?

तुम्ही म्हणाल, शेवटी कांदीदला बागेत राबण्याचं शहाणपण मिळतंच की! मिळतं, पण कुठून? कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका म्हाताऱ्या तुर्काकडून, जो मुलांबरोबर वीसेक एकर कसतो. पाहुणचार घेता घेता, गप्पांतून. त्यासाठी भूकंपाची काही गरज नव्हती.

पांग्लोस तरीही शेवटच्या पानावर हिशोब मांडतोच: लाथ बसली नसती, मेंढ्या गेल्या नसत्या, तर आज इथे पिस्ते खात बसला नसतास. कांदीद वाद घालत नाही. बरोबर आहे म्हणतो आणि कामाचं बघूया म्हणून विषय संपवतो.

त्यामुळे लेऑफ झालेला मित्र भेटला तर "होतं ते चांगल्यासाठीच" एवढं म्हणू नका राव. त्याचा रेझ्युमे घ्या आणि आपल्या मॅनेजरला पाठवा. बाग ती हीच.