गवंडी हळू की साइट हळू? भिंतीचा वेग नेमका कशावर ठरतो

घराचं काम काढलं की एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गवंडी फार हळू काम करतोय.’ विटा रचणारे हात सगळ्यांना दिसतात, म्हणून दोषही त्यांनाच मिळतो. पण दिवसभरात भिंत किती चढणार, यातलं बरंचसं त्याने थापी उचलण्याआधीच ठरलेलं असतं. कसं, ते पाहूया.

एका विटेमागे किती हालचाली?

अमेरिकेतले ठेकेदार फ्रँक गिलब्रेथ स्वतः गवंडीकाम शिकले होते. त्यांनी वीट लावताना होणाऱ्या हालचाली मोजल्या. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात त्याची नोंद आहे. १८ हालचाली ५ वर आल्या आणि तासाला १२० ऐवजी ३५० विटा लागू लागल्या. यासाठी विटा आधीच निवडून हाताशी ठेवल्या होत्या आणि परांची भिंतीबरोबर वर सरकत होती. गवंड्याचं वाकणं वाचलं.

आपल्याकडे अनेक साइटवर विटांचा ढीग आजही जमिनीवरच असतो.

माल वेळेवर येतो का?

लाल विटा आधी भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषून घेतात. सिमेंटचा माल कालवल्यावर साधारण अर्ध्या तासात वापरायचा असतो. जास्त कालवला तर वाया जातो, कमी कालवला तर गवंडी बसून राहतो. म्हणजे त्याचा वेग बिगाऱ्यावर अवलंबून असतो. घमेलं वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ मध्येच झाला होता, पण थापी बहुतेक वेळा पुरुषाच्याच हाती असते. त्यामुळे ‘काम वेगळं’ म्हणत बायकांची मजुरी कमीच राहते.

ब्लॉकमुळे वेग वाढतो?

हो. ६०० × २०० × १०० मिमीचा एक एएसी ब्लॉक भिंतीत सहा मॉड्युलर विटांची जागा घेतो. पण खिडक्या, कोपरे आणि कापाकापी जास्त असेल तर हा फायदा घटतो.

उन्हाचं काय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार २०३० मध्ये भारतातले ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेमुळे वाया जातील. शेती आणि बांधकामाला याचा मोठा फटका बसणार आहे. दुपारची सुट्टी, सावली आणि प्यायचं पाणी यांचा थेट संबंध कामाच्या वेगाशी आहे.

हजेरी की उक्तं?

खरा प्रश्न इथे आहे. विटांचा ट्रक उशिरा आला, पाणी संपलं, ड्रॉइंग बदललं. हजेरीवर काम असेल तर या खोळंब्याचा खर्च मालकाचा. उक्तं असेल तर तो गवंड्याच्या खिशातून जातो. मग बुडालेली वेळ भरून काढायला तो घाई करतो आणि सांधे, ओळंबा बिघडतो. ताजी भिंत एका दिवसात साधारण दीड मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा नियमही अशा घाईतच मोडतो.

त्यामुळे काम रेंगाळलंय असं वाटलं तर आधी एक दिवस साइटवर थांबा. गवंडी किती वेळ विटा लावतो आणि किती वेळ विटांची, मालाची वाट बघतो, ते मोजा. दोष कुणाचा, हे तो हिशोबच सांगेल.