काकासाहेबांची बाजू

देवस्थानच्या सभागृहात जुना बोलपट दाखवावयाचा झाल्यास तो ‘संत तुकाराम’ असावा, ‘कुंकू’ कदापि असू नये, असे एक मत आमच्या वडगावात आहे; बेळगाव-निपाणीकडच्या इतर देवालयांतूनही ते ऐकू येते. हे मत मांडणारी माणसे क्षुद्र नाहीत. मंगाईच्या यात्रेत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी, देवीच्या दानपेटीतील पैन् पैचा हिशेब चोख ठेवणारी ही मंडळी आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे हे मत मला सर्वस्वी चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे का, हे सांगताना एका नटाचा कैवार घेणे मला भाग आहे. तो नट म्हणजे केशवराव दाते.

विष्णुपंत पागनीसांना आपण विसरलो नाही. तुकोबांचे छापील चित्र पाहिले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे १९३६ च्या बोलपटातले पागनीसच उभे राहतात, आणि नकळत हात जोडले जातात. नटाच्या वाट्याला याहून मोठे भाग्य ते कोणते? पण आपल्यातील सद्गुणाचा मुखवटा ज्याने धारण केला त्याला हार, आणि आपल्यातील दोषाला ज्याने आपला चेहरा दिला त्याला सभागृहाचे दार बंद, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? दात्यांनी आयुष्यभर हे दुसरे काम केले. नायकाचा पोषाख पडद्यावर त्यांच्या वाट्याला क्वचितच आला असेल. ते बाप झाले, गुरू झाले, पुरोहित झाले, शेजारी झाले. आणि श्रेयनामावलीत नायक-नायिकेच्या खाली कोठेतरी राहिले.

त्यांची कारकीर्द आधी रंगभूमीवर घडली. १८८९ साली जन्मलेला हा नट महाराष्ट्र नाटक मंडळीच्या तालमीत वाढला. तारुण्यात स्त्रीभूमिका केल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, त्या उपक्रमातही ते होते. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेल्या त्या प्रयोगाने मराठी नटाला साध्या, घरगुती आवाजात बोलावयास लावले. बोलपटाला नेमका हाच आवाज हवा होता. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्ये दाते राजगुरू झाले.

या ‘अमृतमंथन’ची गोष्ट देवस्थानच्या प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक असावी. राजा देवीपुढील बळी बंद करतो. राजगुरूला तो धर्मावर घाला वाटतो. तो राजाचाच वध करवतो, आणि अखेरीस देवीच्या चरणी स्वतःचे मस्तक वाहतो. हिंदी आवृत्तीत हीच भूमिका चंद्रमोहनने केली आणि त्याचे डोळे भारतभर गाजले. बोलपटाच्या इतिहासांत त्या डोळ्यांचे वर्णन हमखास सापडते. मराठीतल्या राजगुरूला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. १९४१ सालीही तेच झाले. ‘शेजारी’त जिवबा दात्यांचा आणि मिर्झा गजानन जागीरदारांचा, ‘पडोसी’त जागीरदार कायम राहिले, पण हिंदू शेजारी मजहर खान झाले. मराठीत नाव मिळवावे आणि हिंदीच्या वेशीवर ते उतरवून ठेवावे, असा हा व्यवहार. दोन भाषांत निघणाऱ्या या मासिकाच्या वाचकांस, विशेषतः कोंकणी वाचकांस, त्यातले दुःख अधिक फोड करून सांगावयास नको.

‘कुंकू’ला मात्र दोन्ही भाषांत दातेच होते. आता मुख्य वादाकडे वळतो.

आक्षेप असा, की नीरा ही विवाहिता पतीचे पतिपण नाकारते, म्हणून बोलपटात सौभाग्यचिन्हाची विटंबना आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी बोलपट पाहिला असेल तर तो शांता आपट्यांकडे पाहत पाहिला, दात्यांकडे नव्हे. अनाथ मुलीला तिचा मामा पैशासाठी एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधतो, तेही तिला फसवून. हा विधुर काकासाहेब कोण? गावगुंड नव्हे, व्यसनी नव्हे. तो वकील आहे, सुशिक्षित आहे, सुधारकांत त्याची गणना होते, आणि त्याची मुलगी नव्या नवरीहून थोरली आहे. अशा माणसाला खलपुरुष म्हणून रंगविणे सोपे होते. एक खोकला, एक लाळघोटे हास्य, आणि प्रेक्षागृहाने त्याला शिव्या देऊन निश्चिंत मनाने घरी जावे! दात्यांनी ही सोय आपल्याला करून दिली नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जो म्हातारा उभा केला, तो आपल्या पंगतीला बसणारा, आरतीला पुढे उभा राहणारा, चारचौघांत ज्याचा सल्ला घेतला जातो असा गृहस्थ आहे. भिंतीवरील लंबकाचे घड्याळ त्याचे वय मोजीत असते. फुटक्या आरशातली त्याचीच प्रतिबिंबे त्याला हसतात. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. म्हणजे प्रेक्षकाला कोठे कळवळावे हे सुचविणारा सारंगीचा स्वरही नाही. जे करावयाचे ते नटाने चेहऱ्याने आणि श्वासाने करावयाचे. कुंकवाची विटंबना येथे झालीच असेल तर ती नीरेने केलेली नाही. ज्याने ते पैसे मोजून लावले त्याने केलेली आहे, आणि हे त्यालाच हळूहळू उमगत जाते.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा. त्यांना शेवट रडका वाटतो: काकासाहेब पत्नीला मुलगी मानतात, तिने योग्य वराशी पुन्हा विवाह करावा असे लिहून ठेवतात आणि जीव देतात. ‘दिग्दर्शकाने सोपी सुटका शोधली’ असे हे टीकाकार म्हणतात. येथे मला माझ्या व्यवसायातील चार शब्द बोलू द्यावेत.

१९३७ साली काकासाहेबांच्या घरासारख्या घरातील हिंदू पत्नीला घटस्फोट नव्हता. काही जातींत रूढीने काडीमोड होत असे, पण ब्राह्मणी पद्धतीच्या घरात विवाहसंस्कार एकदा झाला की तो अभंग. शारदा कायदा १९३० पासून अंमलात होता, परंतु तो वयापुरता. फसवणुकीने झालेल्या विजोड लग्नावर त्याचा इलाज नव्हता. उलट नवऱ्याच्या हाती दांपत्यहक्क-पुनःस्थापनेचा दावा होता. रखमाबाईंवर तो लावला गेला तेव्हा, १८८७ साली, ‘नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला होता. मुंबई प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातही, घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली. सबंध हिंदू समाजासाठी १९५५ साली. मग १९३७ च्या नीरेला मोकळे करणारा दरवाजा कोणता? एकच: १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा. त्या दरवाजाची किल्ली नवऱ्याच्या मरणात होती. काकासाहेब वकील आहेत. हे त्यांना कळत नसेल काय? शेवट रडका नाही, तो कायद्याच्या पुस्तकातून निघालेला आहे. त्या मरणाचे समर्थन मी करीत नाही. त्या वेळच्या कायद्याने सज्जन होऊ पाहणाऱ्या नवऱ्यापुढे दुसरी वाट ठेवली नव्हती, एवढेच सांगतो. दात्यांनी हा शेवट आक्रोशाने रंगविला नाही. आयुष्यभर इतरांची बाजू मांडणारा माणूस स्वतःविरुद्धचा दावा मान्य करतो, असा तो दिसतो, आणि कोर्टात वर्षे काढलेल्या माणसाला तो ओळखू येतो.

राजगुरू आणि काकासाहेब या दोन्ही भूमिकांच्या कथा नारायण हरी आपट्यांच्या कादंबऱ्यांतल्या, हा योगायोग सोडून देऊ. मला लक्षणीय वाटते ते हे, की एकाच्या हाती धर्माचा अधिकार आहे, दुसऱ्याच्या हाती कायद्याचा. आणि दोघेही अखेरीस स्वतःच्याच न्यायासनापुढे उभे राहतात. अधिकार असलेला, आपण बरोबर आहोत अशी खात्री असलेला, वयाने वडील माणूस चुकतो कसा, हे दात्यांइतके मराठी पडद्यावर दुसऱ्या कोणी दाखविल्याचे मला आठवत नाही. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) मंगल महाराज या नृत्यगुरूच्या भूमिकेत हाच कडक वडीलधारा पुन्हा दिसतो, रंग भडक, नाच पुष्कळ, पण म्हातारा खरा. ‘नवरंग’मध्येही ते होते. त्या दोन्ही बोलपटांची गाणी लोकांना पाठ आहेत.

हे सारे जुने झाले, आता काकासाहेब कोठे उरले, असे कोणी म्हणेल. त्याने सीमाभागातील कोणत्याही खेड्यात जाऊन बसावे. शेतीवर राहणाऱ्या, पस्तिशी-चाळिशी उलटलेल्या मुलांना मुली मिळत नाहीत, म्हणून दलाल पैसे घेऊन लांबच्या गरीब घरांतून मुली आणून देतात. मामाची जागा दलालाने घेतली आहे, एवढेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी कर्नाटकात शेकडा २१ आणि महाराष्ट्रात शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले आढळले. २००६ च्या कायद्याने असे लग्न लावणाऱ्यास, त्याला साहाय्य करणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने ते लग्न मुळातच निरर्थक ठरविले आहे. आणि लग्ने लागतात कोठे? पुष्कळशी देवळांत, देवळांच्या सभागृहांत. ज्या सभागृहात ‘कुंकू’ दाखविणे अशुभ, त्याच सभागृहाची पावती वधूच्या जन्मदाखल्याकडे न पाहता फाडली जात असेल, तर अशुभ काय याचा विचार विश्वस्तांनी पुन्हा करावा.

राजगुरूचेही तसेच. प्राणिबळीबंदीचा कायदा या राज्यात १९५९ पासून आहे, आणि तरीही यात्रांच्या दिवसांत बंदोबस्त ठेवावा लागतो. जे पोलिसांच्या काठीने होत नाही ते कदाचित एका जुन्या बोलपटातील पुरोहिताच्या मुद्रेने होईल, अशी माझी भाबडी आशा आहे. वकिलाला ती शोभत नाही, हे मला मान्य आहे.

संतचित्रेच हवीत असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांच्यासाठीही दात्यांनी काम करून ठेवले आहे. १९४४ चा ‘भक्तीचा मळा’, सावता माळ्यांवरचा, त्यांनीच दिग्दर्शित केला. त्यात मास्तर कृष्णराव होते. तो अवश्य दाखवावा. परंतु त्याच्या आदल्या संध्याकाळी ‘कुंकू’ दाखवावा, पुढच्या दोन रांगा साठीच्या वरच्या पुरुषांसाठी राखून ठेवाव्यात, आणि आरंभी कोणाचेही भाषण असू नये. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी द्यावी. विश्वस्तांच्या बैठकीत तिला उत्तर देण्यास मी हजर राहीन.