पलांडुसंग्रह आणि आपली द्रव्यभांडारे

चैत्र सरता सरता केळापूर तालुक्यात विहिरीलगतच्या वाफ्यांतील उन्हाळी कांदा काढणीस येतो. कापूस, तूर व सोयाबीन यांच्या या प्रदेशात कांदा लावला जातो तो मुख्यत्वे घरच्या बेगमीसाठी. आम्हीही औषधालयामागील दोन वाफ्यांत तो लावतो. वातघ्न, बल्य व वृष्य म्हणून, तसेच रक्तार्शाच्या पथ्यात, पलांडूची योजना आपण सर्वच करतो. त्याची लागवड मात्र आम्हाला चिकित्सेपेक्षा संग्रहाविषयी अधिक शिकवून गेली.

पहिल्या वर्षी आम्ही कांदा उपटला, त्याच दिवशी पात कापली, पोत्यांत भरला आणि टिनाच्या पत्र्याखाली थप्पी लावली. श्रावणात खोलीचे दार उघडवेना. निम्म्याहून अधिक कांदा उकिरड्यावर गेला. दोष बियाण्याचा नव्हता व भूमीचाही नव्हता. विशेष लाजेची गोष्ट ही, की चरकसंहितेचे कल्पस्थान त्याच घरात, कपाटात होते.

कंद शरद ऋतूत घ्यावेत, असा चरकाचार्यांचा सामान्य नियम आहे. रब्बीचा कांदा मात्र ग्रीष्मात पक्व होतो व ते तो स्वतःच सांगतो. सुमारे निम्म्या रोपांच्या माना आपोआप मोडून पात आडवी झाली, की काढणीची वेळ आली. त्यापूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे. आपली काळी जमीन तोवर घट्ट होते. म्हणून ओढाताण न करता कुदळीने माती सैल करावी, कंदास इजा होऊ देऊ नये. काढलेला कांदा पातीसह तीन ते पाच दिवस वाफ्यातच असा पसरावा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कंदांवर येईल. वैशाखाचे ऊन उघड्या कंदास भाजून काढते. नंतर दोन-अडीच सेंटिमीटर मान राखून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलीत सुकवावे. मान पूर्ण वाळली की बुरशीचा मार्ग बंद होतो आणि वरचे पापुद्रे कंदाचे कवच बनतात. जोडकांदे, डेंगळे व जाड मानेचे कांदे टिकत नाहीत. ते निवडून आधी वापरावेत.

आता आम्ही तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाची, गवताने शाकारलेली, जमिनीपासून उंच अशी लहान चाळ केली आहे. थर चार-पाच फुटांहून उंच नसतो व खालून वारा खेळतो. पंधरवड्यातून एकदा नासके वेचून काढतो. थोडा कांदा पातीसह वेणी घालून आढ्याला टांगतो. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या अशाच माळा विणतात.

आणि कल्पस्थान काय सांगते? भांडाराचे दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. एका भागात वारा असावा, एका भागात नसावा. अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद यांचा उपद्रव नसावा. द्रव्ये झाकून शिक्यात टांगावीत. शिक्य म्हणजे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील शिंकेच. शेतकऱ्याची चाळ आणि आचार्यांचे भेषजागार यांचे मर्म एकच आहे.

आमचे म्हणणे यापुढे आहे. कांदा नासला की दुर्गंधीने ओरडून सांगतो. पोत्यातील शतावरी, अश्वगंधा, विदारी असे ओरडत नाहीत. ओल लागलेले मूळ कुटले की चूर्णच दिसते. गुण न आल्यास दोष कधी रुग्णाच्या कोष्ठाला, कधी अपथ्याला, क्वचित शास्त्रालाही दिला जातो. २००० साली औषध नियमांत अनुसूची 'टी' आली व तिने कच्च्या द्रव्यांच्या साठवणुकीचे दायित्व उत्पादकांवर टाकले. परंतु तपासणीच्या दिवसापुरते स्वच्छ केलेले भांडार हे भांडार नव्हे. ज्यांच्या विश्वासावर रुग्ण औषध घेतो, त्या आपणच गोदामात पाऊल टाकत नसू, तर नियम तरी काय करणार?

म्हणून फार्मसीचालकांना विनंती, की द्रव्य कोणत्या महिन्यात काढले व कसे सुकविले, हे व्यापाऱ्यास भावाआधी विचारावे. उत्तर न मिळाल्यास पोते परत करावे. वैद्यबंधूंनी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या मध्यात, आपण ज्यांची औषधे देतो त्यांचे भांडार स्वतः पाहावे. आणि ज्यांच्या दारी हातभर जागा आहे, त्यांनी कांद्याचा एक वाफा लावून तो दिवाळीपर्यंत टिकवून दाखवावा. द्रव्यसंग्रहाची इतकी स्वस्त व इतकी प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही. आम्ही तीत एकदा अनुत्तीर्ण झालो आहोत, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस. अलमतिविस्तरेण.