शस्त्रावांचून अश्मरीभेदन

बस्तींतील अश्मरी शस्त्रानें काढण्यापूर्वीं राजाची अनुज्ञा घ्यावी, असें सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे. इतकें तें कर्म जिवावरचें होतें. आज मूत्रपिंडांतील खडा त्वचेस छेद न देतां फोडतां येतो. हें कसें घडतें व त्यांत घरच्या माणसांचें काम कोणतें, हें प्रत्येक कुटुंबांत ठाऊक असावें.

हा उपचार प्रथम १९८० सालीं जर्मनींतील म्यूनिक शहरीं डॉ. ख्रिश्चन शॉसी व त्यांचे सहकारी यांनीं केला. यंत्र डॉर्निअर या विमानें बांधणाऱ्या कंपनीचें होतें. लंबवर्तुळाच्या एका नाभीपासून निघालेली लाट भिंतीवरून परतून दुसऱ्या नाभीवर एकवटते, हा भूमितीचा धडा येथें उपयोगी पडला. तशा आकाराच्या पात्रांत, पहिल्या नाभीवर, पाण्याखालीं विजेची ठिणगी पाडीत. दुसऱ्या नाभीवर क्ष-किरणांनीं पाहून रोग्याचा खडा आणलेला असे. आजच्या कित्येक यंत्रांत ठिणगीऐवजीं विद्युच्चुंबक योजतात, तत्त्व तेंच.

आपलें मांस बहुतांशीं जलमय असल्यामुळें हे आघात-तरंग त्यांतून फारसे न अडतां जातात. खडा मात्र घन. तरंग त्याच्या मागील पृष्ठावरून परततांना आंतून ताण पडतो. आणि दगड दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. कॅरमच्या सोंगट्या एकीस एक भिडवून पहिलीस टोला दिला असतां शेवटची सुटते, तसाच हा प्रकार. शिवाय भोंवतालच्या द्रवांत सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात व खडा कुरतडतात. असे दोन-तीन हजार आघात तासाभरांत दिले जातात.

परंतु यंत्र खडा फोडतें, बाहेर काढीत नाहीं. तो चुरा मूत्रावाटे जावयाचा. त्यास कांहीं दिवस, क्वचित् आठवडेही लागतात. यासाठीं डॉक्टर सांगतील तितकें पाणी रोग्यास आठवणीनें द्यावें. लघवी एक-दोन दिवस तांबूस होणें स्वाभाविक आहे. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर चुऱ्यानें मार्ग कोंडल्याचा संभव असतो. तेव्हां काढ्यांवर वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

गर्भवतीस हा उपचार वर्ज्य आहे. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास तें आधींच सांगावें. दोन सेंटिमीटरांहून मोठ्या किंवा फार कठीण खड्यास बहुधा दुर्बिणीचाच मार्ग धरावा लागतो.

एकदां झालेला खडा पुष्कळांस पुन्हां होतो. घरांतील स्त्रिया सर्वांचीं ताटें वाढतात, पण स्वतः दिवसभरांत किती पाणी पितात, हें कोणी विचारीत नाहीं. तें विचारण्यास आजपासूनच आरंभ करावा.