अंत्योदयाचा मापदंड

वस्तू असो वा शासकीय योजना, ती घडविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणी एक माणूस असतो. तो माणूस कोण, यावरच ती रचना कोणाच्या उपयोगी पडणार हे ठरते.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेला ‘जयपूर फूट’ हे याचे उत्तम उदाहरण होय. तोवरचा पाश्चात्त्य धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालूनच वापरावा लागे. मांडी घालून जेवणारा, शेतात अनवाणी राबणारा, मंदिराच्या दाराशी पादत्राणे उतरविणारा भारतीय माणूस त्याच्या निर्मात्यांच्या विचारातच नव्हता. सेठी-शर्मा यांनी रुग्णाला राहणी बदलण्यास सांगितले नाही. त्यांनी पायच बदलला. उकिडवे बसता येईल, पाण्याचिखलात चालता येईल असा रबराचा स्वस्त पाय त्यातून साकारला.

त्याच देशात पुढे ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगणारी यंत्रणा उभी राहिली. आम्लहल्ल्यात डोळे व चेहरा होरपळलेल्या भगिनींनी ही अट पाळावी कशी? अखेर त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगमता हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग ठरविला आणि पर्यायी पद्धती उपलब्ध करून देण्याचे आदेश दिले. जे अभियंत्याला आरंभीच सुचावयास हवे होते, ते न्यायालयाला सांगावे लागले.

कायद्यांची वाण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ मध्ये आले; मुदत २०२२ मध्येच सरली. ‘दिव्यांग’ हा सन्मानदर्शक शब्द समाजाने स्वीकारला, पण कित्येक कार्यालयांच्या पायऱ्या मात्र जशाच्या तशा राहिल्या.

‘मूठभरांसाठी एवढा खर्च कशाला?’ असा प्रश्न काही जण विचारतात. २०११ च्या जनगणनेनुसार या ‘मूठभरां’ची संख्या २ कोटी ६८ लाख होती. शिवाय वार्धक्य कोणाला चुकले आहे? आज चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला उतार उद्या घरातील आजी-आजोबांच्याच उपयोगी पडणार आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाच्या विचाराचा व्यवहारातील अर्थ हाच, की शेवटच्या माणसाला जे वापरता येईल तेच राष्ट्राच्या उपयोगाचे. समाजसंघटन हे ज्यांचे व्रत आहे, त्यांनी प्रारंभ स्वतःच्या वास्तूंपासून करावा. आपली कार्यालये, शाळा, सभागृहे आणि मंदिरे एखाद्या दिव्यांग बंधूला सोबत घेऊन तपासावीत आणि तो जेथे अडेल, तेथून कामास लागावे. ही त्याच्यावरील दया नव्हे. समाजाचे त्याच्याप्रतीचे कर्तव्य होय.