संशोधन-सामग्रीची निगा : पहिल्या प्रकल्पापासूनच



बोलीविषयक प्रकल्पासाठी आपण लवकरच क्षेत्रकार्याला बाहेर पडाल. प्रश्नावली कशी तयार करावी, निवेदक कसे निवडावेत, हे आपण अभ्यासले आहे. गोळा केलेली सामग्री, जिला आज सर्रास डेटा म्हटले जाते, ती पुढे कशी सांभाळावी हे मात्र आपल्याकडे क्वचितच शिकवले जाते. हे शिक्षण पीएच.डी.पर्यंत लांबणीवर न टाकता बी.ए.च्या पहिल्या प्रकल्पातच, प्रत्यक्ष करवून घेऊन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मतामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी ठाण्यातील बाळकुम येथे मी आगरी बोलीचा अभ्यास करीत होतो. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणींची गाणी व गप्पा मी नऊ कॅसेटींवर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर ‘बाळकुम १’, ‘बाळकुम २’ असे लिहून ठेवले. सगळे आवाज ओळखीचे असल्याने अधिक लिहिण्याची गरज वाटली नाही. प्रबंध झाला, पदवी मिळाली, कॅसेटी कपाटात गेल्या.

काही वर्षांपूर्वी त्यांपैकी एका धवलारणीचा नातू घरी आला. आजी वारली होती आणि घरात लग्न ठरले होते. “सर, आजीचा आवाज असंल ना तुमच्याकडं?” त्याने विचारले. आवाज होता, पण दोन कॅसेटींना बुरशी लागली होती आणि उरलेल्यांत चौघी एकत्र गात होत्या. त्यांतली त्याची आजी कोणती, हे मला सांगता येईना. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो तान्हा होता. त्याच्या कानांत राहिला होता तो म्हातारपणीचा कापरा आवाज. तो बराच वेळ ऐकत बसला आणि नमस्कार करून निघून गेला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या प्रबंधातील काही रूपे मी बाळकुमची म्हणून नोंदवली होती. ती बोलणारी स्त्री बाळकुमची लेक होती, की दुसऱ्या गावाहून आलेली सून? माहेरची नोंदच नसल्याने माझे विधान आता कोणालाही, खुद्द मलाही, तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्याला संशोधन कसे म्हणावे?

आपल्या परंपरेत ही शिस्त नव्हती असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले व 1966 साली पूर्ण झाले. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. प्रत्येक हस्तलिखिताला ठरलेले संकेतचिन्ह होते. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोक अक्षरशः मांडून पाठभेद त्याखाली नोंदवले जात. प्रमुख संपादक वि. सी. सुखठणकर 1943 साली निवर्तले; तरी काम थांबले नाही. नोंदी कोणा एकाच्या स्मरणात नव्हत्या, कागदावर होत्या. डेक्कन कॉलेजमध्ये 1948 साली सु. मं. कत्रे यांनी आरंभलेल्या संस्कृत महाकोशाचीही हीच कथा आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्यांवर तो कोश आजही उभा आहे. तेथे चिठ्ठी लिहायला शिकणे हेच संशोधनाचे पहिले शिक्षण होते.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य केला आहे, हे स्वागतार्हच आहे. परंतु सामग्री सांभाळण्याची सवय व्याख्यानाने लागत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसेच हेही.

म्हणून आपण एवढे करा. ध्वनिमुद्रण झाले त्याच संध्याकाळी फाइलला नाव द्या : प्रथम वर्ष, महिना, दिवस, मग गाव, निवेदकाचा संकेतांक आणि शेवटी अनुक्रमांक. एका वहीत त्या संकेतांकापुढे निवेदकाचे वय, जन्मगाव, माहेर, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची जागा आणि सोबत असलेली माणसे नोंदवा. तिने कशाला संमती दिली, कोणी ऐकलेले तिला चालेल, हेही लिहा. खरी नावे असलेली वही वेगळी व सुरक्षित ठेवा. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा. एकूण तीन प्रती ठेवा. त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असू द्या. अधूनमधून त्या उघडून ऐका, कारण न उघडलेली प्रत शाबूत आहे असे गृहीत धरता येत नाही.

नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्यांवर हे ओझे होईल, असा आक्षेप सहकारी घेतात. मला तो पटत नाही. आपल्यापैकी कोणी अंगणवाडीच्या नोंदवह्या ठेवतात, कोणी दुकानाची खातेवही, कोणी बचतगटाचा हिशेब. नोंद चुकली की काय होते, हे आपणांस नियमित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. तीच शिस्त येथे आणायची आहे. परीक्षकांनीही प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत एखादी फाइल उघडायला सांगावी, “कोण बोलते आहे? कुठली? केव्हा?” असे विचारावे आणि त्या उत्तराला गुण द्यावेत. ज्याला गुण नाहीत ते परीक्षार्थी करीत नाही, हे आपण सारेच जाणतो.

बाळकुमच्या जुन्या गावठाणाभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. धवले जाणणाऱ्या बायका थोड्याच उरल्या आहेत. उद्या त्यांच्यापैकी एखादी आपल्यासमोर बसून गाईल. तिचे गाणे संपल्यावर घरी परतण्यापूर्वी तिचे नाव आणि माहेर विचारा, आणि तेथेच लिहून घ्या.